डावा स्पीकर

भाऊजी, परवा शाळेत जाताना पंपावर हवा भरायला थांबले, तर तिथल्या माणसाने विचारलं, "ताई, किती भरू?" आणि मी पर्समधून फोन काढून तुम्हाला लावला. सवयीने. रिंग वाजत राहिली आणि मग सुनीताने उचलला. "हं, ताई," म्हणाली. आता तिला काय सांगू, की पुढच्या चाकात तीस भरायची की तेहतीस, ते तुझ्या नवऱ्याला विचारायचं होतं? म्हटलं, "सहज केला गं. जेवलीस का?" सकाळचे साडेसात वाजले होते. तिलाही कळलं असणार, पण "हो ताई" म्हणाली बिचारी. हवावाला नळी हातात धरून उभा होता. त्याला म्हटलं, "भरा तुम्हाला वाटेल तेवढी."

तुम्ही असता तर ओरडला असता. "वहिनी, ड्रायव्हरच्या दाराच्या आत स्टिकर आहे, त्यावर लिहिलंय, सात वर्षं सांगतोय." माहितीये मला. पण स्टिकर वाचायला चष्मा शोधावा लागतो आणि तुम्हाला फोन करायला तो लागत नव्हता.

तुम्ही जाऊन दीड महिना झाला आणि मला कालपर्यंत नीट रडू आलेलं नव्हतं. लोकांना वाटतं, शोभा मॅडम खंबीर आहेत. खंबीर कसली, माझा गोंधळ झालाय. तुमच्यावर चिडावं की तुमच्या पाया पडावं, तेच ठरत नाहीये. सकाळी एक वाटतं, घरी येईस्तोवर दुसरं. गाडीतला कुठलाही प्रश्न मी तुम्हाला विचारून मोकळी व्हायचे, पण हा प्रश्न तुमच्याबद्दलचाच आहे आणि तो विचारायला तुम्हीच नाही.

मी लग्न होऊन जेलरोडच्या घरात आले तेव्हा तुम्ही अकरावीत होता आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर रेडिओ उघडून बसला होता. मी म्हटलं, "भाऊजी, मला भाकरी थापायचीये." तुम्ही म्हणालात, "पाचच मिनिटं, वहिनी." ती पाच मिनिटं तीस वर्षं चालली. आधी घरातला रेडिओ, मग शेजाऱ्यांचे टेप, मग गाड्यांचे टेप, मग नाशिक रोडला स्वतःचं दुकान. आबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, थोरला नोकरीला लागला आणि धाकटा लोकांच्या गाडीत गाणी लावून देतो. तुम्ही हसायचात. पण नंतर त्याच आबांना गाडीतून त्र्यंबकला नेताना तुम्ही भजनांचा आवाज इतका स्वच्छ लावलात की ते म्हणाले, पेटीवाला मागच्या सीटवर बसलाय का रे? तुम्हाला त्या वाक्याचं किती अप्रूप होतं. दहा माणसांना सांगितलं असेल तुम्ही ते.

सात वर्षांपूर्वी संस्थेने माझी बदली दिंडोरीच्या शाळेत केली. दोन बस बदलून माझी कंबर गेली, तेव्हा तुम्ही कुठूनशी जुनी पांढरी गाडी आणून दारात उभी केलीत आणि म्हणालात, "वहिनी, बसा. उजव्या बाजूला." सत्तेचाळिसाव्या वर्षी. तुमचे दादा तर गाडीला हात लावायलाही घाबरतात, अजूनही. ते म्हणाले, हिला काय जमणार. झालं, मी बसले. आडगावच्या मोकळ्या प्लॉटवर तुम्ही मला आठ दिवस फिरवलंत. "क्लच सोडताना श्वास रोखू नका, वहिनी. गाडी बंद पडली तर पडू द्या, तुम्ही पडू नका."

आणि मग माझे प्रश्न सुरू झाले. हँडब्रेक लावलेला असताना वणीपर्यंत गेलं तर काय होतं? (गेले होते मी. वास आला म्हणून थांबले.) एसी लावला की चढावर गाडी का दमते? वायपर आपोआप का फिरला? पाणी कुठल्या डब्यात घालायचं आणि कुठल्यात अजिबात नाही? तुम्ही एकदाच नियम घालून दिलात. मीटरमध्ये लाल दिवा लागला तर आहे तिथे थांबा. पिवळा लागला तर घरी या आणि मला सांगा. सात वर्षं मी त्या नियमावर गाडी चालवली. गेल्या आठवड्यात पिवळा लागला, घरी आले, आणि मग पायरीवर बसून राहिले. आता पुढे काय करायचं असतं, ते नियमात नव्हतं.

तुमचा कान मात्र जबरदस्त. मी म्हणायचे, गाडीतून चिमणी ओरडल्यासारखा आवाज येतोय. तुम्ही म्हणायचात, "फोन बॉनेटजवळ धरा." मी शाळेच्या पटांगणात बॉनेटवर फोन धरून उभी, आणि तुम्ही नाशिक रोडवरून सांगायचात, "बेल्ट आहे. घाबरू नका. शनिवारी बदलू." मुख्याध्यापकांना वाटायचं मॅडम गाडीला फोनवर कुणाशी तरी बोलायला देतायत. एवढं ऐकू येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय की सगळा घोळ तिथूनच सुरू झालाय.

गाणी तुम्हीच भरून दिली होतीत. गाडीत आधी सीडीचा जुना टेप होता, तो काढून तुम्ही मोठ्या पडद्याचा बसवलात आणि पेन ड्राइव्हमध्ये दोन कप्पे केलेत. एकाचं नाव 'शाळेत जाताना', दुसऱ्याचं 'घरी येताना'. जातानाची जरा उड्या मारणारी, येतानाची निवांत. असं कुणी कुणासाठी करतं का हो? सुनीता म्हणायची, माझ्या मोबाईलमध्ये गाणी भरायला यांना वर्षभर वेळ नाही.

आणि एवढं सगळं असताना मी एकच गोष्ट धरून बसले. डावा स्पीकर.

दोन वर्षांपूर्वी मला पहिल्यांदा वाटलं की डाव्या दारातला स्पीकर मेलाय. सगळा आवाज उजवीकडूनच. तुम्ही आलात, दार उघडलंत, बघितलंत, म्हणालात, "चांगला आहे, वहिनी." मी म्हटलं, चांगला आहे तर वाजत का नाही? तुम्ही नवीन बसवलात. महिनाभराने पुन्हा तेच. तुम्ही वायर बदललीत. पुन्हा तेच. मग तुमच्या दादांच्या सीटखाली एक काळा खोका आला. मी विचारलं, हा काय? म्हणालात, "आवाजाची ताकद वाढवायला." दादांचे पाय त्याला अडखळायचे. तरी माझं पालुपद चालूच, सगळा आवाज उजवीकडून येतोय, भाऊजी, तुम्हाला कुणीतरी नकली माल विकतंय.

त्याच दिवसांत तुम्ही गाडीत आणखी काय काय बसवत सुटला होता. डाव्या आरशावर एक छोटा गोल आरसा. मागे गाडी घेताना ट्यूं ट्यूं वाजणारं ते यंत्र मधे होतं, ते काढून माझ्या उजव्या खांद्याजवळ लावलंत. फोन आला की आवाज फक्त माझ्या दारातून. मी सुनीताला म्हटलं होतं, "तुझ्या नवऱ्याचा न खपलेला माल माझ्या गाडीत येतोय." दोघी हसलो होतो. तुमचे दादा मात्र काही बोलले नाहीत. ते तसेही गाडीत बोलत नाहीत हल्ली, असं मला वाटायचं. डाव्या सीटवर बसायचं, खिडकीचा वारा लागतो म्हणून डाव्या कानात कापूस घालायचा आणि समोर बघायचं.

आता त्या दिवसाचं. ते तुम्हालाही आठवत असणार, जिथे असाल तिथे.

शनिवार होता. शाळा सुटल्यावर मी तशीच दुकानात आले. वाटेत म्हसरूळच्या वळणावर डावीकडून एक टेम्पो अगदी अंगावर आला होता. हॉर्नच दिला नाही मेल्याने, असं माझं म्हणणं. राग कुणावर तरी काढायचा होता. दुकानात कळवणचे एक गृहस्थ बसले होते, नवीन काळी मोठी गाडी घेऊन आलेले. त्यांना पूर्ण गाडीचं काम करायचं होतं, तुम्ही त्यांना स्पीकर दाखवत होता. आणि मी दारातूनच सुरू झाले. "आधी घरच्या गाडीचा एक स्पीकर नीट करून दाखवा, मग लोकांच्या गाड्या उघडा. दोन वर्षं नकली माल बसवताय माझ्या गाडीत." तुम्ही म्हणालात, "वहिनी, स्पीकर चांगला आहे." मी म्हटलं, "मग काय माझा कान खराब आहे?"

भाऊजी, तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तोंड उघडलंत. मी पाहिलं ते, शपथेवर सांगते. आणि मग म्हणालात, "चहा घ्या, वहिनी. बसा आधी."

कळवणचे गृहस्थ उठले, "विचार करून येतो" म्हणाले आणि गेले. तुम्ही काउंटरवरचे स्क्रू एकेक करून डबीत भरत राहिलात. मी चहा न घेता निघाले. बारा दिवस मी तुम्हाला फोन केला नाही. सात वर्षांत बारा दिवस कधी गेले नव्हते. शेवटच्या मंगळवारी तुमचा मेसेज आला, "रविवारी घरी आहात का? गाडीचं काम नाही." मी उत्तर लिहिलं, "बघू." एवढंच.

गुरुवारी दुसऱ्या तासाला तुमच्या दादांचा फोन आला. ते म्हणाले, "शोभा, तू ये. सुनीताला सांगायचंय." तुम्ही दुकानात पडलात, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं, हे त्यांनी मला त्या वाक्यानंतर सांगितलं. आधी सुनीताला सांगायचंय, मग काय सांगायचंय ते.

त्यात नवल काहीच नव्हतं. तुमच्या घराची रीतच ती. अवघड काही बोलायचं असलं की तुम्ही दोघं भाऊ स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायचात. बारावीत तुम्ही नापास झालात ते आबांना मी सांगितलं. कारखान्यातली नोकरी सोडून दुकान टाकतोय, हेही मीच. आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन फसलं आणि आता दिसणार नाही, हे त्यांना त्यांच्या दोन मुलांनी सांगावं की नाही? दोघं खिडकीतून बाहेर बघत उभे, आणि मी आबांचा हात धरून बसले. "वहिनी सांगेल." हे तुमच्या घरातलं सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य असेल.

मी दिंडोरीहून निघाले. गाडी सुरू केली तर गाणं आपोआप सुरू झालं, 'घरी येताना'मधलं. मी ते बंद केलं नाही. करायचं सुचलंच नाही. तासभर ती निवांत गाणी वाजत होती आणि मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. सुनीता, ऐक. सुनीता, इकडे बस. जेलरोडच्या कोपऱ्यावर चार पुरुष माझी वाट बघत उभे होते. तोवर सुनीताला वाटत होतं की तुम्हाला तपासायला नेलंय. ती कोथिंबीर निवडत होती. मी सांगितलं. तिच्या हातातली जुडी तिने खाली ठेवली नाही, हे मला सारखं आठवतं.

तेरावा झाला. दुकानाचं शटर बंद. मी पुन्हा शाळेत जाऊ लागले आणि पुन्हा तेच, सगळा आवाज उजवीकडून. मला तुमचा इतका राग आला म्हणून सांगू. वाटलं, निदान एवढा एक वाद तरी मिटवून टाकू. मी नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या दुसऱ्या दुकानात गाडी नेली. माफ करा. मला तुम्ही चुकलेले हवे होतात. म्हणजे मी त्या दिवशी बरोबर बोलले असं झालं असतं आणि मला झोप लागली असती.

तिथले इरफानभाई पन्नाशीचे, शांत माणूस. त्यांनी गाणं लावलं आणि लगेच कमी केलं. "मॅडम, हे कुणी केलंय?" मी म्हटलं, का, बिघडलंय ना? ते म्हणाले, "बिघडलं नाय. एक नंबर काम आहे. पण सगळा जोर डाव्या साईडला दिलाय. खोका पण फक्त डाव्या दाराला जोडलाय. इकडे बसणाऱ्याचा कान फाटेल. ज्याने केलंय त्याला काम येतं, म्हणून विचारतो, असं केलं कशाला?"

मी म्हटलं, काहीतरी काय, डावा तर वाजतच नाही. ते म्हणाले, "तुम्ही या इकडे. कान लावा." मी वाकून डाव्या दाराला डावा कान लावला. गालाला थरथर लागत होती. जाळी हलत होती, ते गालाला कळत होतं. आवाज नव्हता. लांब कुठेतरी, भिंतीपलीकडे असावा तसा काहीतरी. इरफानभाई म्हणाले, "आता दुसरा." मी मान फिरवली आणि उजवा कान लावला, आणि दचकून डोकं दाराच्या कडेवर आपटलं.

त्यांनी मला स्टूल दिलं, पाणी दिलं. मी तिथे बसून एकेक आठवत गेले. छोटा गोल आरसा डावीकडचा. ट्यूं ट्यूं उजव्या खांद्याजवळ. फोन उजव्या दारातून. म्हसरूळच्या टेम्पोने हॉर्न दिला असणार, भरपूर दिला असणार. वर्गात डावीकडच्या बाकांवरची पोरं यंदा फार शहाणी झाली म्हणून मी त्यांचं कौतुक करत होते. ती पोरं तिकडे काय काय बोलत असतील, देव जाणे.

आणि दोन वर्षांपूर्वीची आपली एक त्र्यंबकची फेरी आठवली. दादांना बरं नव्हतं म्हणून तुम्ही डाव्या सीटवर बसला होता. वाटेत तुम्ही काहीतरी पुटपुटत होता. मी वळून म्हटलं, "काय पुटपुटताय?" तुम्ही म्हणालात, "काही नाही, गाणं म्हणतोय." तेव्हा तुम्ही मला हळू आवाजात हाका मारून बघत होता ना? किती मारल्यात, भाऊजी? बॉनेटमधला बेल्ट फोनवरून ऐकणारा माणूस तुम्ही. तुमच्या लगेच लक्षात आलं असणार.

घरी आले. तुमचे दादा पेपर वाचत होते. मी समोर उभी राहून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" काय, असंही त्यांनी विचारलं नाही. पेपर घडी करून ठेवला. म्हणाले, "रमेश म्हणत होता, दादा, तू सांग. मी म्हटलं, तूच सांग, तुझं ऐकते ती." किती दिवस हे चाललं होतं? तर दोन वर्षं. दोन वर्षं दोन भाऊ एकमेकांना 'तू सांग, तू सांग' करत बसले आणि मधल्या मधे माझ्या गाडीत आरसे आणि खोके बसत गेले.

"आणि मी बोलत नाही असं तू सगळ्यांना सांगतेस," दादा म्हणाले. "मी बोलत होतो गं गाडीत. तू उत्तर द्यायची नाहीस. मग सोडून दिलं."

मी खूप बोलले त्यांना. तुम्हालाही बोलले, तुमच्या फोटोसमोर उभी राहून. एवढं प्रेम होतं तर एक वाक्य बोलता येत नव्हतं? मी रोज पस्तीस किलोमीटर गाडी चालवते. एखादा टेम्पो खरंच अंगावर आला असता तर? आरसा लावून भागलं असतं का? बोलता बोलता मी थांबले. कारण माझ्या लक्षात आलं की तुमच्या घरात असं काही सांगायचं असलं की तुम्ही माझ्याकडे यायचात. आणि या वेळी सांगायचं मलाच होतं. मग तुम्ही दोघं कुणाच्या दाराशी जाऊन उभे राहणार होता? माझा राग तिथे अडकला तो अजून पुढे गेलेला नाही, आणि मागेही नाही.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. एका काचेच्या खोलीत बसवून आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. उजवीकडून भराभर दाबलं. डावीकडची पाळी आली तेव्हा मला वाटलं, अजून सुरूच केलं नाही. त्या म्हणाल्या, नस कमजोर झालीय, हळूहळू होत आलं असणार. मी विचारलं, "दोन वर्षांपूर्वी आले असते तर?" त्या म्हणाल्या, "उपयोग झाला असता किंवा नसताही. सांगता येत नाही." म्हणजे बघा. तुमच्यावर चिडायचं की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

मग एक काम उरलं होतं. तुमचं नाव मी परक्या माणसासमोर खराब केलं होतं. सुनीताकडून तुमचा फोन मागून घेतला. त्यात नंबर सापडला, 'अहिरे कळवण काळी गाडी'. लावला. उजव्या कानाला. मी म्हटलं, "तुम्ही त्या शनिवारी दुकानात होतात. एक बाई येऊन वाटेल ते बोलल्या होत्या. ती मी. रमेशभाऊंचा माल खरा होता. माझा कान गेला होता. एवढंच सांगायचं होतं."

ते मग म्हणाले, "मॅडम, मी तर सोमवारीच परत आलो व्हतो. काम त्यांनीच केलं. लय भारी केलं. आता ते नाहीत हे मला गावातल्या एकाकडून कळलं." मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का? "म्हनले ना. म्हनले, वहिनींची चूक नाय, माझ्याकडनं त्यांचं एक काम लय दिवस राहून गेलंय. ते आता करून टाकणार हाय."

कुठलं काम, भाऊजी? स्पीकरचं, की कानाचं? रविवारी तुम्ही येणार होता ते हेच सांगायला का? गाडीचं काम नाही, असं लिहिलं होतंत. की येऊन पुन्हा चहा घेऊन, दादांकडे बघून, तसेच निघून गेला असता? मी हे रोज म्हसरूळच्या वळणापासून दिंडोरीपर्यंत उलटसुलट करते. कधी वाटतं, सांगणार होतात. कधी वाटतं, छे, सीटखाली दुसरा खोका आला असता. आणि मी "बघू" लिहिलं नसतं तर तुम्ही मंगळवारीच आला असता का, हा प्रश्न मी अजून कुणाला विचारलेला नाही. तुम्हाला विचारतेय.

काल रविवार. परवा मला डाव्या कानाचं यंत्र मिळालं. शेंगदाण्याएवढं आहे. काल पहिल्यांदा ते घालून गाडीत बसले, शेजारी तुमचे दादा. किल्ली फिरवली आणि डाव्या दारातून असा काही आवाज उसळला की मी दोन्ही हात कानांवर नेले. गाडी हलत होती. मी पटकन आवाज बंद केला आणि दादांकडे बघितलं. ते शांत बसले होते. डाव्या कानात कापूस.

"हा वाऱ्यासाठी नव्हता?" मी विचारलं.

"कसला वारा?" ते म्हणाले. "रमेश म्हणाला, तिला निदान गाणी तरी दोन्ही बाजूंनी ऐकू येऊ देत. तू कापूस घाल."

मी पडद्यावर बोट लावलं. इरफानभाईंनी दाखवलं होतं कुठे असतं ते. आवाज डावी-उजवीकडे वाटणारा एक ठिपका बराच डावीकडे जाऊन बसला होता. तो हळूहळू ओढत मधे आणला. 'घरी येताना' लावलं, कमी आवाजात. गाणं समोरून आलं, डावीकडून आणि उजवीकडून सारखं, आणि त्यात मागे कुठेतरी एक बारीक टाळी होती. ती मी दोन वर्षांत ऐकली नव्हती. ती तिथेच होती म्हणजे. तेव्हा मला रडू आलं, भाऊजी. दीड महिन्याने.

खोका मी काढलेला नाही. राहू दे. तुमच्या घरातलं सगळं बरंवाईट सगळ्यांना मीच सांगत आलेय. हेही मलाच सांगायला हवं होतं, आणि ते मी मोठ्याने बोलले, स्टिअरिंगवर हात ठेवून.

"डावा स्पीकर चांगला आहे."

"काय?" दादा म्हणाले. कापूस अजून त्यांच्या कानातच होता. "काय म्हणालीस?"

"तुम्हाला नाही," मी म्हटलं. "भाऊजींना सांगत होते."